नावात काय शिजतं?

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा एकच अट घातली. "बाई, इतिहासावर लिहा, पण तारखांचा मारा नको." बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे सोसायटीतल्या लहानथोरांसाठी मी 'बाई'च आहे. पण आपल्या सोसायटीचा इतिहास, म्हणजे ताबा मिळवण्यासाठी केलेली धावपळ, पहिली दोन वर्षं टँकरवर काढलेले दिवस, लिफ्टची रडकथा, हे सगळं सेक्रेटरींच्या लेखात आलेलंच आहे. तेच मी पुन्हा सांगत बसत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरते.

विषय सुचला तो गेल्या गणपतीतल्या आनंदमेळ्यावरून. दरवर्षी पार्किंगमध्ये टेबलं लागतात, घराघरांतून एकेक पदार्थ येतो, कुपनं खपतात आणि शिल्लक रक्कम उत्सवाच्या खात्यात जमा होते. गेल्या वर्षी कोणीतरी सुचवलं की प्रत्येक टेबलावर पदार्थाच्या नावाची चिठ्ठी लावू आणि खाली त्या नावाचा अर्थ एका ओळीत लिहू. मुलं वाचतील, त्यांना चार गोष्टी कळतील. काम अर्थातच माझ्याकडे आलं. मीही हौसेने हो म्हटलं.

त्याच मीटिंगमध्ये आणखी एक ठराव झाला. रौप्यमहोत्सव जवळ आलाय, तर यंदा फक्त 'आपले पारंपरिक पदार्थ' ठेवायचे. पिझ्झा-नूडल्स बंद म्हटल्यावर कोणाची हरकत नव्हती. मग ए विंगमधल्या मामींनी नेहमीप्रमाणे इडली-सांबार लिहायला सांगितलं, तेव्हा मागून आवाज आला, "पण ते आपलं कुठंय?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण क्षणभर सगळे गप्प झाले. मामी म्हणाल्या, "ठीक आहे, मी दुसरं काहीतरी करते." पहिल्या दिवसापासून या सोसायटीत राहणारी बाई. आपल्या पहिल्या सत्यनारायणाला दोनशे माणसांचा भात त्यांनी एकटीने उपसला होता. मी तिथंच बसले होते आणि मीही काही बोलले नाही. हे आधीच कबूल करून टाकते.

घरी येऊन यादी समोर घेतली. साबुदाण्याची खिचडी, बटाटेवडे, शंकरपाळे, शिरा, पुरणपोळी, थालीपीठ, मिसळ, करंज्या, उकडीचे मोदक, दडपे पोहे, ठेचा-भाकरी, गुलाबजाम अशी बावीस नावं. शेवटचं नाव माझंच होतं, 'माणिकमोती'. ती चिठ्ठी शेवटी लिहू म्हणून बाजूला ठेवली. का, ते पुढे येईलच.

सोप्या चिठ्ठ्या आधी झाल्या. आपल्याकडच्या कितीतरी पदार्थांची नावं म्हणजे अर्धी कृतीच असते. ठेचून केला तो ठेचा. खरडून केला तो खरडा. पोह्यांवर ओल्या नारळाचं वाटण घालून वर वजन ठेवून दडपले, ते दडपे पोहे. मिसळली ती मिसळ. वडीची सुरळी केली, सुरळीची वडी. पातेल्यात उकड काढली, उकडीचे मोदक. नाव ऐकून नव्या सुनेला निम्मा स्वयंपाक कळावा अशी ही सोय. मोदक शब्दात 'मोद' आहे, म्हणजे आनंद. खाणाऱ्याला काय वाटतं ते नावातच सांगून टाकलंय. आमटीमध्ये आंबटपणा आहे. करंजी दिसते करंजाच्या शेंगेसारखी, तशीच मधे फुगीर आणि कडेला निमुळती. कोल्हापूरकरांनी तर रंगावरच भागवलं, तांबडा आणि पांढरा. पुढे रस्सा म्हणायचीही गरज नाही.

थालीपीठ जरा मागे जातं. संस्कृतात 'स्थाली' म्हणजे भांडं, थाळी, आणि 'पिष्ट' म्हणजे पीठ. थाळीवर थापलेलं पीठ. आपण आज तव्यावर थापतो, पण थाळी नावात राहून गेली. पुरणपोळीतलं 'पूरण' म्हणजे भरण, आत भरलेलं सारण. आणि पोळी? तिच्यासाठी मला नऊशे वर्षं मागे जावं लागलं.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११२९-३० मध्ये 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. (हे कल्याण आपल्या लोकलच्या स्टेशनचं नव्हे. कर्नाटकात बीदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे, ते.) राजाने काय काय उपभोगावं याची त्यात मोठी यादी आहे आणि 'अन्नभोग' या भागात मुदपाकखान्याचं वर्णन आहे. त्यात 'पोलिका' आहे, तीच आपली पोळी. 'वटक' आहे, तो वडा. 'मंडक' आहे, तो मांडा. खानदेशात आजही उलट्या खापरावर भाजतात तो मांडा, ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईने भाजल्याची कथा आहे तो मांडा, आणि करायला इतका अवघड की बहुतेकांनी तो मनातच खाल्ला, म्हणून 'मनातले मांडे'.

वाचताना मी थबकले ती पुढच्या नावांपाशी. त्याच यादीत 'इडरिका' आहे आणि 'धोसक' आहे. इडरिका म्हणजे उडदाच्या पिठाची, मिरी-जिरं-हिंग लावलेली इडलीची पूर्वज. (त्याआधी दोनशे वर्षं, ९२० च्या सुमाराच्या 'वड्डाराधने' या कन्नड ग्रंथातही 'इड्डलिगे' आलेली आहे.) धोसक म्हणजे डोशाचं जुनं नाव. म्हणजे आपली पोळी पहिल्यांदा ज्या जुन्या पानांवर भेटते, त्याच पानांवर तिच्या शेजारी इडली बसलेली आहे. आणि आपण मीटिंगमध्ये विचारत होतो, ते आपलं कुठंय!

मग मला खोड लागली. जे पदार्थ कोणी हरकत न घेता 'आपले' म्हणून यादीत आले होते, त्यांची नावं तपासायला घेतली.

शंकरपाळे. दिवाळीला महादेवाचं नाव घेऊन आपण डबे भरतो. पण मूळ शब्द फारसी, 'शकरपारा'. शकर म्हणजे साखर, पारा म्हणजे तुकडा. साखरेचा तुकडा. गंमत अशी की फारसीतली ही 'शकर' आपल्या संस्कृत 'शर्करे'पासून तिकडे गेलेली. म्हणजे आपली मुलगी परदेशी नांदायला गेली, काही शतकांनी माहेरी आली आणि आपण तिला ओळखलंच नाही. कान जवळचा शब्द शोधतो, त्याला 'शकर'पेक्षा 'शंकर' सापडला, बस्स.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा. 'शीरा' हा फारसी शब्द, अर्थ पाक, गोड रस. बर्फीमधला 'बर्फ' फारसी, कारण ती पांढरी आणि गोठलेली. गुलाबजाममध्ये 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी, मिळून गुलाबपाणी, आणि आकार जांभळाचा. कुल्फी तर माझी लाडकी. ती ज्या झाकणबंद साच्यात जमवतात त्यावरून तिला नाव पडलं, आणि त्या नावाचं मूळ आहे अरबी 'कुफ्ल', म्हणजे कुलूप. आपला 'कुलूप' शब्दही त्याच घरातला. मे महिन्यात गच्चीवर आपण कुल्फी खातो तेव्हा खरं तर गोड कुलूपच उघडत असतो.

बटाटेवड्याचा 'बटाटा' पोर्तुगीज. वडापावातला 'पाव'ही पोर्तुगीज, 'पाँव' या शब्दावरून आलेला. गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही 'पोदेर' म्हणतात, तोही त्यांचाच शब्द. लहानपणी आम्हाला सांगत, पीठ पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात. त्या धाकाने आमच्या आजीने जन्मभर पाव खाल्ला नाही. शब्दाचा चुकीचा अर्थ माणसाच्या ताटातला घास काढून घेऊ शकतो, तो असा.

गोव्याचा विंदालूही असाच फसवा. पोर्तुगीजमध्ये 'व्हिन्य द आल्योश', म्हणजे वाइन आणि लसूण, यात मुरवलेलं मांस. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या ताडीचा शिरका आला आणि नाव आखडत विंदालू झालं. उत्तरेकडे ते पोचलं तेव्हा लोकांना शेवटी 'आलू' ऐकू आला आणि कित्येकांनी त्यात बटाटे टाकले. ऐकण्याच्या चुकीने पदार्थच बदलला!

आता साबुदाण्याची खिचडी. आषाढी-कार्तिकीची, संकष्टीची, आपल्या सगळ्यांत सोवळ्या पदार्थांपैकी एक. 'साबु' हे नाव मूळ मलय भाषेतलं, तिकडच्या सागू नावाच्या ताडाच्या गाभ्यापासून निघणाऱ्या पिठाचं. आपल्याकडे साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, बराचसा तमिळनाडूत सेलमच्या बाजूला, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्यात घालायचा बटाटा तिकडचाच. शेंगदाणे तिकडचेच, पण आपण त्या वेलाला 'भुईमूग' म्हटलं, म्हणजे जमिनीतला मूग, आणि तो घरचा करून टाकला. मिरचीसुद्धा अमेरिकेहून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. त्याआधी आपल्या तिखटाचं काम काळी मिरी करत होती. संस्कृतात मिरीला 'मरीच' म्हणतात. नवी आलेली ही हिरवी-लाल शेंगही मिरीसारखीच झोंबते म्हणून तिला नाव दिलं मिरची. उपासाच्या त्या ताटलीत जिरं, तूप आणि भक्ती एवढं इथलं. बाकी सगळे पाहुणे, आणि तरीही एकादशीला त्यांच्यावाचून आपलं चालत नाही.

उपम्याची चिठ्ठी लिहिताना तर मला हसूच आलं. इतकी वर्षं मी वर्गात उपमा अलंकार शिकवणाऱ्या मैत्रिणीला चिडवत होते की तुझा विषय नाश्त्याला मिळतो. तर या उपम्याचा आणि अलंकाराचा काही संबंध नाही. तमिळमध्ये 'उप्पु' म्हणजे मीठ आणि 'मावु' म्हणजे पीठ. कन्नडमध्ये 'उप्पु' आणि 'हिट्टु', तेही मीठ आणि पीठच, त्याचं आपण केलं उप्पीट. मीठ-पीठ एवढाच त्याचा अर्थ. सोलापूर-सांगलीकडे उप्पीट आणि मुंबईला उपमा म्हणतात यावरून आपल्या बी विंगमध्ये जे वाद होतात, ते आता मिटावेत. दोघांचं बरोबर आहे आणि दोघांचंही बाहेरून आलेलं आहे.

माणसांच्या नावाचे पदार्थही आहेत. कोलकात्यात छेन्याचा गोळा तळून पाकात सोडतात, त्याला 'लेडिकेनी' म्हणतात. ही लेडिकेनी म्हणजे लेडी कॅनिंग, १८५७ च्या उठावाच्या वेळी गव्हर्नर जनरल असलेल्या लॉर्ड कॅनिंगची पत्नी. ती १८६१ मध्ये कोलकात्यात वारली. तिच्या नवऱ्याचं नाव आता इतिहासाच्या पुस्तकात शोधावं लागतं, तिचं मात्र मिठाईच्या काचेत रोज मांडलेलं असतं. आपल्या मुंबईची फ्रँकी आली १९६९ च्या सुमारास, आणि वेस्ट इंडिजचे क्रिकेटपटू फ्रँक वॉरेल यांच्यावरून ते नाव ठेवल्याचं तिचे निर्माते सांगत आले.

आता ज्या चिठ्ठीने माझी फजिती केली, ती सांगते. मानसोल्लासातली इडरिका सापडल्यावर मी सेक्रेटरींना फोन केला आणि ती यादी वाचून दाखवली. ते म्हणाले, "बाई, मग विषयच संपला. मामींचं टेबल ठेवू." मी उत्साहाने सांबाराची चिठ्ठी लिहिली, ती शाळेत कित्येक वर्षं मुलांना सांगितलेल्या गोष्टीवरून. गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. तंजावरच्या मराठी राजवाड्यात शहाजीराजांकडे छत्रपती संभाजी महाराज पाहुणे होते, आमटीला आमसूल नव्हतं, म्हणून चिंच घातली आणि पाहुण्यांच्या नावावरून त्या आमटीचं नाव सांबार पडलं. चिठ्ठी घेऊन मी मामींच्या दारात गेले. थोडी ऐटच होती, की बघा, तुमचं सांबार आमच्याच घरातलं निघालं.

मामींनी चष्मा लावून वाचलं. म्हणाल्या, "छान गोष्ट आहे हो बाई. कुठल्या कागदात आहे?"

त्या बँकेतून निवृत्त झालेल्या. व्हाउचर पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय. आणि माझ्याकडे व्हाउचर नव्हतं. तंजावरला व्यंकोजीराजांपासून मराठ्यांचं राज्य होतं, हे पक्कं. त्यांचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते, हेही पक्कं. संभाजी महाराजांची हत्या १६८९ मध्ये झाली. काळ जुळतो, म्हणून गोष्ट खपते. पण त्या पंगतीचा त्या काळातला आधार कोणी पुढे ठेवलेला नाही. उलट 'संभार' हा सरळ संस्कृत शब्द आहे. अर्थ, एकत्र जमवलेली सामग्री, जिन्नसांची जमवाजमव. डाळ, भाज्या, चिंच, मसाला यांच्या जमवाजमवीला हे नाव पडायला राजा यायची गरज नाही.

असाच प्रकार बोंबलाचा. गणपतीत बोंबील नसतो, पण सी विंगच्या काकूंनी नंतर मला विचारलंच, की इंग्रज त्याला 'बॉम्बे डक' का म्हणत? प्रसिद्ध गोष्ट अशी की सुका बोंबील मेलगाडीतून, म्हणजे 'बॉम्बे डाक'मधून जायचा, त्या वासावरून डाकचं डक झालं. ऐकायला झकास. पण आपल्याकडे पहिली रेल्वे बोरीबंदर ते ठाणे धावली १६ एप्रिल १८५३ ला, आणि 'बॉम्बे डक' हा शब्द इंग्रजी पुस्तकात त्याच्या वीसेक वर्षं आधीच छापलेला आहे. गाडीच नव्हती तर वास कुठून येणार!

मामींच्या दारातून परत येताना मला खरंच वाईट वाटलं. गोष्ट खोटी निघाली याचं फारसं नाही. मी मीटिंगमध्ये गप्प बसले आणि नंतर मामींना आपल्यात घ्यायचं तर त्यांचा पदार्थ 'आमचा' ठरवूनच घ्यायला निघाले, याचं. तंजावरचा खरा धागा तर याहून सुंदर आहे. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राजांच्या काळातलं पाकशास्त्राचं लेखन जपलेलं आहे. मराठी आणि तमिळ चुली दीडशेहून जास्त वर्षं एका राजवाड्यात शेजारी पेटल्या, एवढं खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे. मी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. 'सांबार : संभार, म्हणजे जमवाजमव. अनेक जिन्नस एकत्र.' मामींनी ती वाचली आणि म्हणाल्या, "आता बरोबर. आत या, कॉफी घ्या."

घरी आल्यावर उरलेली एक चिठ्ठी समोर होती, माणिकमोती. खरं तर ती मी एकदा लिहून ठेवली होती. 'माणिकमोती : पोळीच्या तुकड्यांचा खमंग शाही नाश्ता.' आमच्या घरी सगळे असंच समजतात. नातवंडांना ते नाव फार आवडतं. पण मामींचा प्रश्न डोक्यातून जाईना, कुठल्या कागदात आहे? या नावाचा कागद नव्हताच. पण साक्षीदार होते, मी स्वतः.

मी नगर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातली. १९७२ च्या दुष्काळात दहा वर्षांची होते. विहिरींनी तळ दाखवला होता, गुरं विकली गेली होती. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी वाटत, तिची वाट बघत आम्ही पोरं बसायचो. रेशनवर यायची अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, तिला सगळे 'मिलो' म्हणत. त्या मिलोची भाकरी लालसर व्हायची, थापताना तुटायची आणि गार झाली की दगड. धाकटा भाऊ ती तोंडात घेऊन थुंकायचा. आई रात्री उरलेल्या तुकड्यांवर पाणी शिंपडून ठेवायची आणि सकाळी पळीभर तेलात मिरची-हळद घालून ते परतायची. एक दिवस तिनं ताटली पुढे केली आणि म्हणाली, "आज माणिकमोती केलेत." लाल तुकडे म्हणजे माणिक. त्यात कधी चार शेंगदाणे पडले, तर ते मोती. भाऊ आपल्या वाटणीचे मोती मोजायचा. त्या दिवसापासून त्यानं थुंकलं नाही.

पुढे दिवस बदलले. मिलो गेला, ज्वारी आली, मग गहू आला. शिळ्या भाकरीच्या जागी पोळी आली. लाल रंग आता तिखटाचा असतो आणि शेंगदाणे मूठभर पडतात. नाव तेच राहिलं. या सोसायटीत आल्यावर कळलं की दुसऱ्या घरांत याला फोडणीची पोळी म्हणतात, कोणी कुस्करा म्हणतात, आणि एक-दोन घरांत माणिकमोतीही म्हणतात. ते नाव त्यांच्याकडे कुठून आलं, ते त्यांच्या आया-आज्यांना माहीत. आमच्याकडे ते असं आलं. आणि मी पंचवीस वर्षं इथं ते 'शाही' म्हणून सांगत होते, कारण शिळ्या तुकड्यांवर वाढलो हे सांगायची मला लाज वाटत होती. वर्गात दुष्काळाचा धडा शिकवताना मी आकडे फळ्यावर लिहिले, पण ही ताटली कधी सांगितली नाही.

आनंदमेळ्याच्या दिवशी माझ्या टेबलावर नवी चिठ्ठी होती. 'माणिकमोती : १९७२ च्या दुष्काळात मिलोच्या उरलेल्या लाल भाकरीचे फोडणीत परतलेले तुकडे. नाव आईने ठेवलं.' मुद्दाम ज्वारीच्या भाकरीचे केले होते. मला वाटलं होतं, कुपनं पडून राहतील. तासाभरात पातेलं रिकामं झालं. डी विंगमधले एक काका बराच वेळ चिठ्ठीसमोर उभे होते. ते मंगळवेढ्याकडचे, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, कधी फार बोलत नाहीत. खाऊन झाल्यावर ताटली ठेवत म्हणाले, "आमच्याकडे याला नाव नव्हतं बाई. नुसते तुकडे म्हणायचे." आणि मग विचारलं, "अजून आहेत का?"

पलीकडच्या टेबलावर मामींचं सांबार होतं. चिठ्ठीपुढे मुलांची गर्दी होती आणि 'पण ते आपलं कुठंय' म्हणणारे गृहस्थ दुसऱ्यांदा वाटी पुढे करत होते. कोणी कोणाला काही म्हणालं नाही, हे फार बरं झालं.

आता थोडं कामाचं. सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरींच्या टेबलावर मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. प्रत्येक घराने आपल्याकडच्या एका पदार्थाचं नाव त्यात लिहावं, खास आपल्याच घरात चालणारं नाव असेल तर उत्तम, आणि ते का पडलं तेही लिहावं. ऐकीव गोष्ट असेल तर 'ऐकीव' असं लिहा, स्वतः पाहिलेलं असेल तर तसं लिहा. घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर आधी त्यांना विचारा, आणि आजच विचारा. माझ्या आईला मी हे कधी विचारलं नाही, की त्या सकाळी तुला ते नाव कसं सुचलं. आता विचारायला ती नाही.

वहीत आत्तापर्यंत अकरा नावं आली आहेत. पहिलं मामींचं आहे. दुसऱ्या पानावर डी विंगच्या काकांनी लिहिलंय, 'तुकडे', आणि पुढे कंसात, 'आता माणिकमोती'.